तांगयुआन करायचे तर आदल्या दिवशीच लागा

तांगयुआन म्हणजे काळ्या तिळाचं सारण भरलेले, आल्याच्या गरम पाकात वाढायचे चिनी गोळे. सगळ्यात आधी पीठ आणून ठेवा, कारण इथेच सगळं अडतं. तांगयुआनला चिकट तांदळाचंच पीठ लागतं. आपली मोदकाची पिठी कितीही बारीक असली तरी चालत नाही. मी एकदा तिच्यावर भागवायला गेले, तर उकळत्या पाण्यात पारी तडकली आणि सारण बाहेर येऊन पाणी काळं झालं. चिकट तांदळात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार जवळजवळ नसतोच, म्हणून शिजल्यावर तो लवचिक राहतो. थाई पाकिटं मिळतात. त्यावर 'ग्लुटिनस राइस फ्लोअर' वाचूनच घ्या, साधं तांदळाचं पीठही तशाच पाकिटात येतं. चोवीसेक गोळ्यांना २०० ग्रॅम पुरे.

मग काळे तीळ, १०० ग्रॅम. कारळे नव्हेत, घाईत गफलत होते. निवडून, धुऊन, फडक्यावर पूर्ण वाळवून ठेवा, कारण एक खडा दाताखाली आला तरी सगळी मजा जाते. भाजताना काळ्या तिळाचा रंग काही सांगत नाही, म्हणून त्यात चिमूटभर पांढरे तीळ टाका. ते बदामी झाले की काळेही झाले. पूर्ण गार करून ६० ग्रॅम साखरेबरोबर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटतं. चीनमधल्या निंगबो शहराच्या नावाजलेल्या तांगयुआनमध्ये डुकराची चरबी असते. तिच्यामुळेच सारण तोंडात वितळतं. आपण ५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी घेऊ. साजूक तूपही चालेल, पण मग तिळाआधी तुपाचाच वास येतो. कालवलेलं सारण फ्रिजमध्ये घट्ट झालं की आठ-आठ ग्रॅमच्या गोळ्या वळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. गोळी दगडासारखी घट्ट असेल तरच पारी नीट बंद होते.

पाकासाठी ६० ग्रॅम आलं आणि १०० ग्रॅम गूळ काढून ठेवा. चीनमध्ये यात उसाच्या न शुद्ध केलेल्या साखरेच्या तांबूस वड्या घालतात. आपला गूळ तिच्या अगदी जवळचा, त्यामुळे इथे काही शोधत बसायला नको. आल्याच्या चकत्या ठेचून लिटरभर पाण्यात वीस मिनिटं उकळा, मग गूळ घाला आणि गाळून घ्या.

दुसऱ्या दिवशी कोमट पाणी थोडं थोडं घालत पीठ मळा. साधारण १६० मिलिलिटर लागतं, पण हाताला विचारून घाला. त्यातला लिंबाएवढा गोळा चपटा करून उकळत्या पाण्यात टाका, तरंगला की काढून उरलेल्या पिठात मळून टाका. पारीला ताण येतो तो यानेच. ही पायरी गाळू नका. मळलेलं पीठ ओल्या फडक्याखाली ठेवा.

वळायला घरातल्या सगळ्यांना बसवा. चिनी भाषेत 'तुआनयुआन' म्हणजे घरच्यांनी एकत्र जमणं, आणि गोळ्यांचं नाव त्याच्याशी जुळतं. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी आणि नव्या चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला, कंदिलांच्या सणाला, चीनच्या दक्षिणेकडे ते म्हणूनच करतात. उत्तरेकडे त्याच पौर्णिमेला युआनशियाव नावाचे तसेच गोळे असतात. त्यांत सारणाची ओली गोळी कोरड्या पिठात घोळवत घोळवत मोठी करतात. आपण मात्र पंधरा ग्रॅमची पारी मोदकासारखी करायची, गोळी ठेवायची, तोंड बंद करून तळहातात गोल वळायचं. कळ्या नकोत.

शिजवायला रुंद पातेलं आणि साधं पाणी घ्या. पाकात शिजवले तर पिठामुळे पाक गढूळ होतो. गोळे सोडले की झाऱ्याची पाठ तळाशी हलकेच फिरवा, नाहीतर चिकटतात. तरंगले की अर्धी वाटी गार पाणी घाला, पुन्हा उकळी येऊ द्या, असं दोनदा. मग झाऱ्याने उचलून गरम पाकात सोडा. वाटी हातात देताना आतलं सारण भाजेल एवढं गरम आहे हे सांगा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना कापून द्या, चिकट घास घशात अडकतो. उरलेले कच्चे गोळे पीठ भुरभुरवलेल्या ताटलीत फ्रीझरमध्ये ठेवा आणि नंतर न वितळवता तसेच उकळत्या पाण्यात टाका.