बेणणीच्या तोंडावर ग्रास कटर सुरू होत नाही? कार्बोरेटर शेवटी उघडा

पाऊस ओसरू लागला की कोकणात सगळ्यांची बेणणी, म्हणजे बागेतलं गवत काढणं, एकदमच निघते. आंबा-काजूच्या कलमांखाली कमरेएवढं गवत, कामाला माणूस मिळत नाही, आणि पडवीतला ग्रास कटर दोरी ओढून खांदा भरून आला तरी दाद देत नाही. मग 'कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) गेला' म्हणायचं आणि बाजारातून नवा आणायचा, ही ठरलेली रीत. पैसे घालण्याआधी पेट्रोल बघा. निम्मी भानगड तिथेच सुटते.

पंपावर हल्ली मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत ओलाव्याला काय तोटा! अर्धवट भरलेला कॅन महिना-दोन महिने पडून राहिला, वर झाकणातून पावसाचं थोडं पाणी गेलं, की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर बसतो. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागणाऱ्या मशीनला हा थर फार घातक. मिसळलेलं टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, आणि टाकीतला फिल्टर असतो तळाशी. म्हणजे इंजिनात पहिल्यांदा जातो तो बिनऑइलचा थर. मशीन सुरू झालंच तर पिस्टन धरण्याची, म्हणजे आत जाम होण्याची भीती. म्हणून जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून थोडा वेळ ठेवा आणि उजेडात धरून बघा. खाली थर दिसला, गढूळ वाटलं किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला, तर ते वापरू नका. नवं मिश्रण मशीनच्या पुस्तिकेप्रमाणेच करा. २५ ला १ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिली ऑइल, ५० ला १ असेल तर २० मिली. 'जरा जास्त घातलेलं बरं' असं म्हणून अंदाजाने ओतलं की ठिणगी पाडणारा प्लग काळा होतो आणि सायलेन्सर काजळीने बुजतो. फोर-स्ट्रोक मशीनच्या पेट्रोलमध्ये ऑइल अजिबात घालायचं नाही.

ताजं पेट्रोल भरूनही सुरू होत नसेल तर चोक (सुरू करताना हवा कमी करणारी झडप) लावून चार-पाचदा दोरी ओढा आणि प्लग काढून बघा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर पोचतच नाही. ओलाचिंब असेल तर एकतर पेट्रोल जास्त झालंय किंवा ठिणगी पडत नाही. ओला प्लग पुसून वाळवा, स्विच बंद ठेवून प्लगविना काही वेळा दोरी ओढा म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर पडेल, मग चोक न लावता सुरू करा. दोरी हाताला अगदीच हलकी लागत असेल तर कम्प्रेशन (इंजिनातला दाब) गेलेलं असण्याची शक्यता जास्त. तिथे कार्बोरेटरवर खर्च करून उपयोग नाही.

कोरड्या प्लगच्या बाबतीत वाकवलेल्या तारेने टाकीतला फिल्टर बाहेर ओढा. तो काळा-चिकट झाला असेल तर बदला. प्रायमरचा फुगा (पेट्रोल वर ओढायला दाबतो तो) दाबताना पेट्रोलबरोबर बुडबुडे येतच राहिले, तर नळी किंवा फुगा चिरलाय. रबर कडक होऊन चिरणं आता नेहमीचंच झालंय. मशीन पाच-दहा मिनिटं चालून बंद पडतं, टाकीचं झाकण सैल केलं की पुन्हा सुरू होतं? झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. एवढ्यासाठी मशीन तालुक्याला नेऊ नका.

आता खुद्द कार्बोरेटर. चोकवर चालतं आणि चोक उघडला की मरतं, याचा अर्थ पेट्रोल कमी पडतंय: जाळी किंवा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बुजलंय, आतला रबरी पडदा कडक झालाय, नाहीतर सांध्यातून हवा शिरतेय. काळा धूर आणि घुसमटलेला आवाज असेल तर आधी एअर फिल्टर धुवा.

ग्रास कटरच्या कार्बोरेटरला सहसा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) नसतो, पातळ रबरी पडदे असतात. उघडताना मोबाइलवर फोटो काढत जा, कारण पडदा आणि गॅस्केट (सांध्यात बसणारी पातळ पट्टी) यांचा क्रम उलटला तर मशीन चालत नाही. कार्ब क्लीनरचा (कार्बोरेटर साफ करायचा) फवारा मारण्याआधी पडदे काढून ठेवा, त्याने ते फुगतात. जेटमध्ये सुई किंवा तार घालू नका. भोक किंचित जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. पडद्यांचा किट मिळत असेल तर नवा कार्बोरेटर घेण्याआधी तो बदलून पाहावा.

एल आणि एच स्क्रू (हळू आणि जोरात चालताना पेट्रोल किती जावं ते ठरवणारे) असतील तर हात लावण्याआधी ते किती फेरे उघडे आहेत ते मोजून लिहून ठेवा. एच जास्त आवळून मशीन 'कडक' पळवण्याची काहींना हौस असते. तसं केलं की मिश्रणात पेट्रोलबरोबर ऑइलही कमी जातं आणि इंजिन तापतं. स्लोवर, म्हणजे रेस न देताही पातं फिरत असेल तर स्लोचा स्क्रू कमी करा, ते फिरतं ठेवून काम करणं धोक्याचं.

पॉवर वीडरचा (तण काढायच्या, जमीन भुसभुशीत करायच्या यंत्राचा) कार्बोरेटर फ्लोटचा. तिथे कार्बोरेटरच्या वाटीखालचा बोल्ट सोडून साचलेलं पाणी आणि गाळ काढला की बऱ्याचदा काम होतं.

बेणणी संपली की टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत मशीन चालवा. वीडरचा पेट्रोलचा कॉक (नळ) बंद करून तसंच करा. काढलेलं खराब पेट्रोल कलमाच्या बुंध्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.