प्रदर्शनात स्टॉलवरून वायफायने ॲप वाटायचंय? आधी लीज टाईम बघा

गेल्या वर्षी कृषी प्रदर्शनात आमच्या बाजारभावाच्या ॲपचा स्टॉल होता आणि पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास सगळं ठप्प झालं, म्हणून हे लिहितोय. यंदा ज्यांना असं काही करायचंय त्यांनी निदान आमच्यासारखं तोंडावर पडू नये.

मुळात वायफाय कशाला, तर असल्या गर्दीत टॉवर जाम होतो, चाळीस एमबीचं ॲप प्ले स्टोअरवरून उतरायला माणूस स्टॉलपुढे उभा राहत नाही, पुढच्या ट्रॅक्टरकडे जातो. म्हणून राउटर, त्याला वायरने जोडलेला लॅपटॉप, लॅपटॉपवर साधं वेबपेज आणि एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाईल. इंटरनेट लागतच नाही. एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जर, बॅनर वगैरे सांगत बसत नाही.

आता राउटर. त्यात डीएचसीपीचं, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक फोनला आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा नंबर) वाटणाऱ्या सोयीचं, पान उघडा आणि लीज टाईम बघा, म्हणजे एकदा दिलेला ॲड्रेस किती वेळ त्याच फोनच्या नावावर राहतो ते. आमच्या राउटरमध्ये १४४० मिनिटं होता, म्हणजे अख्खे २४ तास, आणि ॲड्रेस होते १०० ते १९९, म्हणजे फक्त शंभर. जो माणूस दोन मिनिटं जोडला जाऊन ॲप घेऊन गेला त्याच्या नावावर तो ॲड्रेस दुसऱ्या दिवसापर्यंत अडकलेला. शंभर लोक झाले, एकशे एकाव्याच्या फोनवर 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' म्हणत गोल गोल फिरत बसलं. सिग्नल फुल, लॅपटॉप चालू, आम्ही केबल बदलतोय, राउटर बंद-चालू करतोय, तेवढ्यापुरतं चालायचं आणि परत तेच, कारण राउटर जुनी नोंद विसरायचा आणि पुन्हा शंभर भरायचे. कारण कळलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. तर लीज टाईम ५ किंवा १० मिनिटं. आणि ॲड्रेसची रेंज शंभरावर न ठेवता २०० च्या वर न्या, साध्या राउटरमध्ये २५३ पर्यंत जाते. सेव्ह करून राउटर रिस्टार्ट करा आणि परत तेच पान उघडून बघा, खरंच सेव्ह झालंय का ते, आमच्या दुसऱ्या राउटरमध्ये झालंच नव्हतं.

लॅपटॉपला मात्र या रेंजच्या बाहेरचा पक्का ॲड्रेस द्या, नाहीतर छापलेला क्यूआर उद्या दुसरीकडेच बोट दाखवेल. आणि लॅपटॉपचं स्लीप बंद करा, प्लीज.

एपीके कुठली देताय ते बघा. डेव्हलपरच्या मशीनवरची देऊ नका. प्ले स्टोअरवरच्या ॲपची सही (ॲप कोणाचं ते सांगणारी डिजिटल खूण) वेगळी असली तर नंतर तिथून अपडेट होणार नाही आणि लोक काढून टाकतील. प्ले कन्सोलमधून, म्हणजे डेव्हलपर जिथून प्ले स्टोअरवर ॲप टाकतात तिथून, सही केलेली युनिव्हर्सल (सगळ्या अँड्रॉइड फोनांसाठी एकच) एपीके उतरवून घ्या, तीच ठेवा. लॅपटॉपवरच्या सर्व्हरने फाईल एपीके म्हणूनच पाठवली पाहिजे, नाहीतर काही फोन ती झिप म्हणून सेव्ह करतात.

क्यूआर दोन लागतात, एक वायफायला जोडायचा, दुसरा पेजचा, आणि त्यावर मोठ्ठे १ आणि २ छापा, लोक दुसरा आधी स्कॅन करतात. जोडल्यावर फोन म्हणणार की इथे इंटरनेट नाही, तिथे 'जोडलेलं राहू द्या' म्हणायचं, तरी पेज उघडलं नाही तर मोबाईल डेटा बंद करायला सांगा. मग अज्ञात ॲपची, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं ॲप बसवू द्यायची, परवानगी. अँड्रॉइड ८ पासून ती प्रत्येक ब्राउझरला वेगळी द्यावी लागते, आणि वर प्ले प्रोटेक्टचा, म्हणजे गूगलच्या ॲप तपासणाऱ्या सोयीचा, इशारा येतो. काका लोक इथे घाबरतात आणि बरोबरच घाबरतात, लग्नपत्रिकेच्या नावाने आलेल्या एपीकेने लोकांची खाती रिकामी झालीत. म्हणून जबरदस्ती नको, नको म्हणाले तर प्ले स्टोअरच्या लिंकचं कार्ड हातात द्या, घरी जाऊन घेतील. ज्यांनी घेतलं त्यांना परवानगी परत बंद करून द्या, तुम्हीच करून द्या. आयफोनवाल्यांना एपीके चालतच नाही, त्यांनाही कार्ड.

फोनमध्ये जागा नसणार, गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेला असतो. काय डिलीट करायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

घरगुती राउटर एका वेळी वीस-पंचवीस फोनांच्या पुढे धापा टाकतो, दोन राउटर असतील तर एकमेकांत अडथळा नको म्हणून एक वायफाय चॅनल १ वर, दुसरा ११ वर. दुसऱ्याचाही लीज टाईम बघा!! आदल्या रात्री घरच्यांचे, शेजाऱ्यांचे सगळे फोन गोळा करून जोडा, रेंज मुद्दाम पाच ॲड्रेसची ठेवा, पाच फोन जोडून त्यांचं वायफाय बंद करा आणि सहावा फोन दहा मिनिटांनी जोडला जातो का बघा, नंतर रेंज परत वाढवायला विसरू नका.

सकाळी गेट उघडायच्या आधी तासभर पोचा. जेवायला एकेकाने जा. संध्याकाळी किती डाउनलोड झाले ते लॅपटॉपवरून उतरवून घ्या, राउटर बॅगेत, बोर्ड बॅगेत, आमचा बोर्ड तिथेच राहिला.