डिझेल मुरलेली माती बगॅस आणि शेणखताने कशी सुधारावी

इंजिनाजवळ किंवा ट्रॅक्टरच्या शेडमध्ये डिझेल सांडलं, तर ती माती ओढ्यात नेऊन टाकू नका. ती जागेवरच सुधारता येते. जळालेलं इंजिन ऑइल असेल तर मात्र हा उपाय नाही. त्यातलं शिसं, जस्त कितीही खत घातलं तरी कुजत नाही.

१. वास संपेपर्यंत खणा. काळ्या जमिनीत उन्हाळी भेगांतून डिझेल खोल उतरतं. ढेकळं बारीक फोडा.

२. तीन घमेली माती, एक घमेलं जुना बगॅस (उसाचा चोथा), एक घमेलं अर्धवट कुजलेलं शेणखत. बगॅस नसेल तर सोयाबीनचं कुटार चालतं. लाकडाचा ताजा भुसा नको, तो नत्र ओढून घेतो.

३. दर १० लिटर डिझेलमागे साधारण १ किलो युरिया आणि तेवढंच सुपर फॉस्फेट. युरिया तीन हप्त्यांत, दोन-दोन आठवड्यांनी. एकदम ओतला तर जिवाणूच मरतात. गुळाचं जीवामृत ओतायचा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. डिझेल खाणारे जिवाणू मातीत असतातच, त्यांना नत्र आणि हवा कमी पडते. समोर गूळ आल्यावर डिझेलला कोण विचारतो?

४. आता पाणी. बहुतेकांचं काम इथेच फसतं. डिझेल लागलेली माती पाणी धरत नाही. वरून पाइप सोडला की पाणी ओघळून जातं. ढीग ओला दिसतो आणि हातभर आत नुसता धुरळा. महिनाभर काहीच होत नाही, म्हणून आणखी पाणी सोडलं जातं. मग तळाशी चिखल, हवा बंद आणि सडक्या अंड्यांचा वास.

म्हणून पाणी मातीला नाही, बगॅसला पाजायचं. आदल्या रात्री भिजत घाला, सकाळी निथळू द्या, ओलसर शेणखतात कालवा आणि मग थोडी थोडी माती मिसळा. ओल तपासायची ती ढिगाच्या पोटातली, वरची नाही. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, एखादाच थेंब सुटावा, बोटाने टोचला की फुटावा. वाफशापेक्षा किंचित जास्त, एवढंच. पुढे ओल कमी पडली तर ढीग उलथताना झारीने शिंपडा. कपड्यांची पावडर चुकूनही घालू नका. डिझेल सुटतं खरं, पण झिरपून खाली जातं.

५. जाड प्लास्टिकवर तीन फूट उंच ढीग, वर ताडपत्री. आठवड्यातून एकदा उलथा. गांडुळं सोडू नका, मरतील.

६. तीन ते सहा महिन्यांनी वास गेला की मुगाचे २० दाणे या मातीत आणि २० चांगल्या मातीत पेरा. उगवण आणि मुळांची लांबी सारखी आली तर माती बांधावरच्या झाडांना घाला. भाजीला वापरायची असेल तर आधी प्रयोगशाळेतून तेलाचा अंश तपासून घ्या. नाकावर विसंबू नका.