बारापेडेच्या गुहांकडे जाताना

गोव्यातली हरवळे किंवा रिवणची लेणी माणसाने जांभ्या दगडात कोरली. बारापेडेच्या गुहा मात्र चुनखडकातल्या आहेत आणि त्या पाण्याने घडवल्या. जंगलातल्या मातीतून झिरपताना पावसाचं पाणी कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि खडकाच्या भेगांतला चुना विरघळवत खाली जातं. पोकळीच्या छताला आलेल्या थेंबातून तो वायू उडाला की विरघळलेला चुना तिथेच बसतो. लवणस्तंभ असेच वाढतात, बहुतेकदा वर्षाला मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. त्यावर बोट फिरवलं की त्वचेचा तेलकटपणा दगडाला लागतो. मग नवा चुना तिथे नीट बसत नाही आणि डाग कायमचा राहतो.

गुहा तळेवाडीजवळ, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या आत आहेत. आपली गोव्याची म्हादई नदी याच डोंगरात उगम पावते. डिसेंबर २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. गुहांचं खरं महत्त्व राउटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळामुळे आहे. १९१३ साली या जातीचं शास्त्रीय वर्णन झालं आणि पुढे दीर्घकाळ ती जगात फक्त इथेच माहीत होती. नंतर मेघालयात आणि कंबोडियात काही आढळली. कपाळावर जुळलेले मोठे कान, गडद तपकिरी लव आणि मानेवर फिकट पट्टा ही तिची ओळख. म्हणून पहिला नियम असा की अभयारण्यात जायचं, डोंगर नि जंगल पाहायचं, पण वटवाघळांच्या गुहेत शिरायचं नाही. वनखात्याने संशोधनासाठी लेखी मुभा दिली असेल, तरच आत जावं.

परवानगीपासून सुरुवात करा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली अभयारण्यात प्रवेशाचा परवाना अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठी मिळतो. अर्ज कर्नाटक वनखात्याकडे करायचा. त्यात सर्वांची नावं, ओळखपत्रांच्या प्रती, गाडीचा नंबर, तारीख आणि जायची वाट लिहा. निदान पंधरा दिवस आधी अर्ज द्या. परवाना हातात आल्यावर त्यातली जागा आणि वेळ नीट वाचा. अभयारण्यात प्रवेश मिळाला म्हणजे गुहेत प्रवेश मिळाला असं नव्हे. सायंकाळी वटवाघळं बाहेर पडताना लांबून पाहायची असतील, तर ती वेळ आणि सोबत येणारा वनरक्षक या दोन्ही गोष्टी परवान्यात लिहून घ्या. गोव्याच्या बाजूने म्हादई अभयारण्यातून चालत जाऊन पलीकडे उतरण्याचा विचारही करू नका. रानात सरहद्द दिसत नाही आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालत नाही.

पणजीहून साखळी, केरी, चोर्ला घाट, जांबोटी ही सरळ वाट. फोंडा-मोले भागातून येणाऱ्यांना अनमोड-हेमाडगा रस्ता बरा पडतो. पेट्रोल घाट चढण्याआधीच भरा. नकाशा मोबाइलवर उतरवून ठेवा, कारण जंगलात रेंजवर विसंबता येत नाही. घरी कुणाकडे तरी परतण्याची वेळ लिहून द्या आणि त्या वेळेनंतर किती तास वाट पाहून वनखात्याला कळवायचं तेही ठरवा. इथल्या गावांत मराठी चालते, त्यामुळे वाट विचारायला अडचण नाही. गावातला माणूस ‘आज तिकडे नको’ म्हणाला तर गुमान परत फिरा. गवा कुठे बसलाय, अस्वल कुठे दिसलं, हे त्याला ठाऊक असतं.

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात जाऊच नये. चुनखडकाच्या डोंगरात पाणी पृष्ठभागावर कमी आणि पोटातून जास्त वाहतं. वरच्या उतारावर मोठी सर आली की खाली आभाळ कोरडं असतानाही पोकळीत लोंढा येऊ शकतो. ऑक्टोबरमधल्या दुपारच्या वळिवातही हाच धोका. वाटेवर या खडकाच्या कडा धारदार असतात आणि त्यांवरची ओली माती साबणासारखी निसटते. जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट घाला. माणशी तीन लिटर पाणी, सुकं खाणं, शिट्टी, इलास्टिक बँडेज आणि प्रत्येकाकडे डोक्याला लावायची बॅटरी घ्या. एक जादा बॅटरीही ठेवा. दुपारी तीनला, जिथे असाल तिथून मागे वळा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट रानात काळोख त्याआधीच पडतो.

वाटेत छोटी कपार दिसली की डोकावण्याचा मोह होतो. आधी जमीन पाहा. ताजी विष्ठा, पंजांचे ठसे, साळिंदराचे काटे दिसले तर तिथून हला. अस्वल दिवसा अशाच जागी झोपतं आणि दचकलं की सरळ अंगावर येतं. वर कड्याकडेही नजर टाका. आग्या मोहोळ असेल तर खाली सिगारेट, अत्तर, आरडाओरडा काही नको. फांद्यांवर हात टेकू नका, हिरवा घोणस पानात दिसत नाही.

गुहेच्या तोंडापासून पंचवीस-तीस पावलं दूर थांबा. फ्लॅश, ड्रोन, स्पीकर पूर्ण बंद. कीटकभक्षी वटवाघळाची मादी एका वेळी साधारण एकच पिल्लू देते. थवा घाबरून उडाला की पिल्लं खाली पडतात, आणि असं वारंवार झालं तर थवा जागाच सोडतो. ही वसाहत उठली तर देशात तिला फारशा पर्यायी जागा नाहीत. माणसाच्या अंगानेही बाहेरच राहिलेलं बरं. साठलेल्या विष्ठेच्या धुळीत हिस्टोप्लाझ्मा बुरशी असू शकते, तिने फुफ्फुसाचा आजार होतो. कापडी रुमालाने तिचे कण अडत नाहीत. फोटो टाकताना मोबाइलमधली जागेची नोंद बंद करा आणि गुहेकडची वाट कुणाला लिहून देऊ नका.

सर्वांत दुर्लक्षित धोका गोचिडीचा आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि हा आजार डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे नेमका फिरण्याच्या दिवसांत, वाढतो. पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा शर्ट घाला, पँट मोज्यांत खोचा, पाचोळ्यावर बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात भिजवा, आंघोळ करा आणि काखा, कंबर, गुडघ्याची मागची बाजू, केसांची कड तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. ती चिरडू नका, तेल लावू नका. पुढच्या दोन आठवड्यांत अचानक ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं असं काही झालं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की जंगलात जाऊन आलोय.