मालगाड्या बघायला दुपारभर बसायचंय? मग निघायच्या आधी एवढं बघून घ्या

प्रवासी गाडीचं टाइमटेबल असतं, मालगाडीचं बहुतेक ठिकाणी तसलं काही लोकांसमोर येतच नाही, ती येते तेव्हा येते. लाइन कितीही बिझी असली तरी तासभर शुकशुकाट आणि मग अर्ध्या तासात दोन्हीकडून चार-पाच गाड्या, असं होतंच. म्हणून सगळी तयारी दोनच गोष्टींसाठी करायची, एक म्हणजे लांब वाट बघता आली पाहिजे आणि दुसरं म्हणजे गाडी दिसली की हातात सगळं तयार पाहिजे. ७०० मीटरची गाडी ताशी ६० च्या स्पीडने असेल तर तुमच्यासमोरून अख्खी जायला ४२ सेकंद लागतात. तेवढ्यात बॅगेची चेन उघडत बसलात तर इंजिन गेलं समजा.

जागा आदल्या दिवशीच ठरवा. ओपनरेल्वेमॅप या वेबसाइटवर रूळ, जंक्शन, यार्ड, बऱ्याच भागात सिग्नलसुद्धा दिसतात, त्यावर सॅटेलाइटचा नकाशा लावून बघायचं की रस्त्यावरचा पूल कुठे आहे, फाटक कुठे आहे, सावली कुठे मिळेल. मला विचाराल तर सपाट सरळ लाइनपेक्षा चढ कधीही भारी. लोड भरलेली गाडी चढावर हळू होते, इंजिनाचा आवाज बदलतो, पुढे दोन आणि मागून ढकलायला अजून एक असा प्रकार बघायला मिळतो. अमेरिकेतला तेहाचापी लूप एवढा फेमस उगाच नाहीये, तिथे चढ कमी करायला रूळ गोल फिरवून स्वतःच्याच वरून नेलेत आणि साधारण १.२ किलोमीटरपेक्षा लांब गाडी असेल तर तिचं तोंड तिच्याच शेपटीच्या वरून जातं. एवढं नशीब सगळ्यांचं नसतं, पण जिथे मालगाडी लूप लाइनला, म्हणजे मेन लाइनच्या शेजारच्या जादा रुळावर, बाजूला घेऊन मागची फास्ट गाडी पुढे काढतात अशी जागा सापडली तरी पुरे, उभ्या गाडीचे नंबर आरामात वाचता येतात. उभं राहायचं मात्र सार्वजनिक जागेतच. रेल्वेच्या हद्दीत घुसणं जवळपास सगळीकडे गुन्हा आहे, आणि फोटोचे नियम देशागणिक वेगळे, ते आधीच वाचून ठेवा म्हणजे तिथे उभं राहून हुज्जत घालायची वेळ येत नाही.

उन्हाची दिशा हा भाग लोक विसरतात आणि मग सगळे फोटो काळे येतात. उत्तर गोलार्धात दुपारनंतर सूर्य नैऋत्येकडे सरकतो, म्हणजे लाइन पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेच्या बाजूला उभं राहा आणि उत्तर-दक्षिण असेल तर पश्चिमेला, ऊन पाठीवर आणि गाडीच्या अंगावर पडलं पाहिजे. दक्षिण गोलार्धात असाल तर पूर्व-पश्चिम लाइनला बरोब्बर उलट, उत्तरेच्या बाजूला. उष्ण कटिबंधात उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा भर दुपारचा फोटो विसरा, चाकं आणि डब्याखालचा सांगाडा सगळं सावलीत जातं, तीननंतरच मजा आहे. आणि वाऱ्याची दिशा! कोळसा किंवा खनिज नेणारी उघडी गाडी गेली की धुळीचा लोट येतो, वारा तुमच्याकडून रुळाकडे जात असेल अशा बाजूला थांबलात तर वाचाल. लेन्स पुसायचं फडकं आणि साधा चष्मा तरी ठेवाच.

बॅगेत पाणी, खायला काहीतरी, टोपी, पॉवर बँक, रिकामं मेमरी कार्ड, वही आणि दोन पेन. फोल्डिंग स्टूल असेल तर सोन्याहून पिवळं. कपड्यांबद्दल एक, लाल किंवा झगमगीत नारिंगी काही नको, ड्रायव्हरला लांबून तो कर्मचारी किंवा धोक्याचा झेंडा वाटू शकतो. त्याच कारणासाठी हात-रुमाल जोरात हलवणं नको. फ्लॅश बंद करून ठेवा. लाइनवर २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड वायर असेल तर पुलावर छत्री, सेल्फी स्टिक, ड्रोन यातलं काहीच बाहेर काढायचं नाही, त्या वायरला हात लागायचीसुद्धा गरज नसते, जवळ गेलं तरी करंट उडी मारतो.

कानात इअरफोन नको हे सांगायला नको, पण सांगतो. एकतर सेफ्टी, भरलेल्या मालगाडीला ब्रेक मारल्यावर थांबायला एक-दीड किलोमीटर सहज लागतो, आणि डबल लाइनवर एक गाडी जात असताना तिच्या मागून दुसरी उलट्या दिशेने येतेय ते दिसत नाही. दुसरं म्हणजे अर्धी मजा आवाजातच आहे. चाकाला सपाट चट्टा पडलेली वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, टक-टक-टक करत येते ती न बघता कळते. गाडी यायच्या आधी सिग्नल बोलतो तोही शिकून ठेवा. चार इशारे दाखवणाऱ्या ऑटोमॅटिक सेक्शनमध्ये, म्हणजे जिथे सिग्नल गाडीप्रमाणे आपोआप बदलतात तिथे, गाडी गेल्यावर सिग्नल लाल होतो, मग ती पुढे सरकेल तसा पिवळा, डबल पिवळा, हिरवा. यार्ड-स्टेशनजवळचे काही सिग्नल एरवी लालच असतात, तो हिरवा झाला की कॅमेरा उचला. उत्तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सिग्नल बंदच असतो आणि गाडी जवळ येत असेल तरच पेटतो, यापेक्षा सोपी खूण काय पाहिजे.

नंबर वाचायची थोडी घोकंपट्टी घरीच करा, तिथे वेळ नसतो. भारतात वाघिणीवर ११ आकडे असतात, पहिले दोन प्रकाराचे, मग दोन मालक रेल्वेचे, मग दोन बनवल्याच्या वर्षाचे, पुढचे चार तिचा स्वतःचा नंबर आणि शेवटचा चेक डिजिट, म्हणजे नंबर बरोबर लिहिलाय का ते तपासायचा आकडा. युरोपात १२ आकडे. उत्तर अमेरिकेत अक्षरं आणि नंबर, अक्षरांच्या शेवटी एक्स असेल तर ती रेल्वे कंपनीची नाही, दुसऱ्या कुणा खासगी मालकाची. कंटेनरवर चार अक्षरं, चौथं बहुतेक वेळा यू, मग सहा आकडे आणि एक चेक डिजिट, हे जगभर सारखंच. खनिजाच्या उघड्या वाघिणी अर्ध्याच भरलेल्या दिसल्या तर रिकामी जागा वाया घालवली असं समजू नका, माल एवढा जड असतो की तेवढ्यातच वजनाची मर्यादा भरते.

वहीत वेळ, दिशा, इंजिनाचे नंबर, माल काय, वाघिणी किती एवढं पुरे. मोजताना दहा-दहाचे गट करून बोटं मोडायची, नाहीतर मोबाईल एका जागी टेकवून व्हिडिओ लावून द्या आणि घरी मोजा. २००१ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात बीएचपी या खाण कंपनीने ६८२ वाघिणी आणि ८ इंजिनांची ७.३५ किलोमीटरची गाडी चालवली होती, तसलं काही समोर आलं तर बोटं पुरायची नाहीत. शेवटचा डबा आणि त्यावरचा लाल दिवा किंवा खूण दिसेपर्यंत नजर काढू नका, मागे इंजिन लावलेलं असतं ते तेव्हाच दिसतं. एखाद्या चाकातून धूर किंवा काही लोंबकळताना दिसलं तर फोटो नंतर, फोन आधी. त्यासाठी फाटकावरच्या बोर्डवर इमर्जन्सी नंबर असेल तर पोचल्या पोचल्या सेव्ह करून ठेवा.

आणि एक, मेंटेनन्ससाठी लाइन ब्लॉक तर नाहीये ना हे सकाळी बघा. ब्रिटनसारख्या ठिकाणी रिअलटाइम ट्रेन्स या वेबसाइटवर मालगाड्याही दिसतात, तिथे सोपं आहे, बाकीकडे प्रवासी गाड्या रद्द झाल्यात का त्यावरून अंदाज लावायचा. घरी परतायची वेळ सांगताना तासभर वाढवूनच सांगा, निघायला उठलात की पलीकडचा सिग्नल हिरवा होतोच.