दुधाच्या चहासाठी घरी मिश्रण करताय? या चुका टाळा

मिश्रण केलं, पहिले काही दिवस चहा फक्कड झाला, आणि डबा तळाला जाताजाता तोच चहा कडवट, गढूळ लागायला लागला. असं झालं असेल तर चहाला दोष देण्याआधी डब्याचा तळ बघा. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. आसामचा सीटीसी, म्हणजे यंत्रात चुरडून दाणेदार केलेला चहा, आणि लांब पानांचा, पान वळून केलेला ऑर्थोडॉक्स चहा मी एकत्र केला होता. शेवटचा चमचा पांढऱ्या कागदावर पसरला तर त्यात पान जवळजवळ नव्हतंच, नुसते बारीक दाणे आणि भुकटी. डबा रोज हलतो, तसे बारीक कण पानांमधल्या फटींतून खाली उतरत जातात. वरचा चहा एक आणि तळाचा दुसराच!

मला विचाराल तर घरच्या मिश्रणातली सगळ्यात मोठी चूक हीच, आकार न बघता चहा एकत्र करणं. नुसतं डब्यातच नाही, पाण्यातही ती नडते. भुकटी दोन-तीन मिनिटांत बहुतेक सगळा अर्क सोडून मोकळी होते, तेव्हा अख्खं पान कुठे उलगडायला लागलेलं असतं. पानासाठी थांबलात तर भुकटी चहा तुरट करून टाकते, भुकटीच्या हिशोबाने गाळलात तर पानाचे पैसे पाण्यात. म्हणून साधारण एकाच आकाराचे चहा निवडा. सीटीसीबरोबर ऑर्थोडॉक्स हवाच असेल तर तुकडा पत्तीचा, म्हणजे पुड्यावर बीओपी लिहिलेला घ्या. मोठं पान सोडवतच नसेल तर त्याचा डबा वेगळा ठेवा. पाण्यात आधी पान टाका आणि दोन मिनिटांनी सीटीसी.

दुसरी चूक कोरा चहा चाखून प्रमाण ठरवण्याची. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट घटकांना धरून ठेवतं, त्यामुळे कोरा असताना जीभ आवळणारा चहा दुधात छान मवाळ होतो. उलट कोरा असताना नाजूक, सुगंधी वाटणारा दुधात पार हरवतो. दार्जिलिंगच्या पहिल्या बहराचा, म्हणजे वसंतातल्या पहिल्या तोडणीचा (फर्स्ट फ्लश) चहा मी एकदा हौसेने मिश्रणात घातला, तेव्हा दुधात त्याचा मागमूसही राहिला नाही. तो कोराच प्यावा. चव बघायची ती दूध घालूनच, आणि दरवेळी माप तेच. चाखणीसाठी चहा करण्याच्या आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धतीत १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं असं माप आहे. तुम्ही चहा उकळत असाल तर तुमची वेळ वेगळी असेल, पण ती रोज बदलू नका.

माप चमच्याने नको, वजनाने घ्या. एक चमचा सीटीसी आणि एक चमचा लांब पान यांच्या वजनात बराच फरक पडतो. ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा पुरतो.

आता निवड. तीन कडक चहा एकत्र केले की चहा तिप्पट चांगला होत नाही, नुसता जड होतो. प्रत्येक चहाला एक काम द्या. आसाम अंगाला, म्हणजे घट्टपणा आणि माल्टसारखी गोडसर चव. केनियाचा सीटीसी उजळ तांबूस रंगाला. निलगिरी किंवा श्रीलंकेतला उंचावरचा डिंबुला, उवा तरतरी आणि वासाला. मी सुरुवात ६ ग्रॅम आसाम, ३ ग्रॅम केनिया आणि १ ग्रॅम निलगिरी अशी करते. एवढ्यात चाखण्यापुरते दोन-तीन कप होतात. मग एका वेळी एकच आकडा हलवायचा. पाव किलोचं मिश्रण एकदम करून बसलात आणि चव चुकली, तर ती दुरुस्त करताकरता डबा नुसता वाढत जातो.

दूध घातल्यावर रंग करडा, मळकट दिसतोय? चहातलं उजळपणा आणि तरतरी देणारं थिअफ्लेविन हे द्रव्य कमी पडतंय. केनिया किंवा निलगिरी थोडा वाढवा. तरीही फरक नाही पडला तर पाणी बदलून बघा, जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात चहा काळपट होतो आणि वर तवंग धरतो. रंग भरपूर पण चव सपाट? बहुधा एखादा घटक जुना झालाय. प्रत्येकाचा वेगळा कप केला की तो लगेच सापडतो. घशाशी तुरट लागतोय? आसाम कमी करण्याआधी एक मिनिट लवकर गाळून बघा, माझ्याकडे बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागलंय.

चहा आजूबाजूचा वास पटकन ओढतो, तेव्हा डबा मसाल्यांपासून लांब ठेवा. आणि झाकणावर प्रमाण व तारीख लिहून चिकटवा. जमलेलं मिश्रण दोन महिन्यांनी पुन्हा करायचं म्हटलं की त्या चिठ्ठीशिवाय काहीच हाताशी नसतं.