जुन्या वर्कस्टेशन लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड आणि स्क्रीन बदलताय? या चुका टाळा

"भावा, कार्ड आणलंय, तेवढं बसवून दे."

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक पॅटर्नवाला, म्हणजे फाउंड्रीच्या साच्यांसाठी नमुने बनवणारा, माझ्या दुरुस्तीच्या टेबलाशी आला. एका हातात थिंकपॅड डब्ल्यू५३० लॅपटॉप, दुसऱ्या हातात चंदेरी पिशवीत क्वाड्रो के२१००एम हे ग्राफिक्स कार्ड. पैसे आधीच भरलेले, माल परत घेणार नाही असं विकणाऱ्यानं सांगून टाकलेलं. मी मशीन उघडून त्याला दाखवलं. डब्ल्यू५३० मध्ये ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. कार्ड लावायला स्लॉटच नसतो. त्या माणसाचा चेहरा बघून मलाच वाईट वाटलं. महिनाभर पैसे बाजूला टाकून त्यानं ते कार्ड घेतलं होतं.

इतकी वर्षं हे काम करताना मी हेच बघतोय. नुकसान स्क्रूड्रायव्हर हातात घेतल्यावर कमी होतं, ऑर्डर देताना जास्त होतं. म्हणून सगळ्यात आधी एकच सांगणं: पार्ट मागवायच्या आधी मशीन उघडा आणि आतली लेबलं वाचा.

कोल्हापुरात ही मशीनं भरपूर आहेत. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांसाठी पॅटर्न काढणारे, हुपरीचे चांदीच्या दागिन्यांचे डिझायनर, इचलकरंजीत कापडाचं डिझाइन करणारे, सगळे कंपन्यांच्या लॉटमधून निघालेले जुने वर्कस्टेशन लॅपटॉप, म्हणजे डिझाइनच्या जड कामासाठी बनवलेले लॅपटॉप, घेतात. त्यांचं चुकत नाही. डेलच्या एम४८०० किंवा थिंकपॅड डब्ल्यू५३० मध्ये रॅमचे चार स्लॉट मिळतात, बॅटरी बाहेरून निघते, खालचं झाकण चार-दोन स्क्रूंवर उघडतं. आजच्या पातळ लॅपटॉपमध्ये ही सोय राहिलेली नाही.

"वर्कस्टेशन आहे म्हणजे कार्ड बदलणारच"

असं नसतं. थिंकपॅडच्या डब्ल्यू५२०, डब्ल्यू५३०, डब्ल्यू५४० आणि पी५० मध्ये चिप बोर्डवरच असते. डेलच्या प्रिसिजन एम४६००, एम४७००, एम४८०० आणि १७ इंची एम६६००, एम६७००, एम६८०० मध्ये एमएक्सएम नावाचं सुटं कार्ड असतं. एचपीच्या एलिटबुक ८५६०डब्ल्यू, ८५७०डब्ल्यू, ८७७०डब्ल्यू आणि झेडबुक १५, १७ च्या पहिल्या दोन पिढ्यांतही ते सुटं असतं. पुढे २०१८ च्या प्रिसिजन ७५३० आणि ७७३० पासून डेलनं स्वतःच्या आकाराचं कार्ड आणलं. त्यात एमएक्सएम बसत नाही.

एमएक्सएममध्येही दोन मापं आहेत. ए टाइप ८२ बाय ७० मिलिमीटर, बी टाइप ८२ बाय १०५. एम४८०० आणि झेडबुक १५ मध्ये ए टाइप, एम६८०० आणि झेडबुक १७ मध्ये बी टाइप. कनेक्टर दोन्हींचा सारखाच, त्यामुळे फोटो बघून माणूस हमखास फसतो. लांबीचा आकडा विकणाऱ्याकडून लिहून घ्या, नाहीतर पट्टी ठेवून फोटो मागवा.

मापानंतर वॅट बघा. के२१००एम ५५ वॅटचं, के३१००एम ७५ वॅटचं, के४१००एम आणि के५१००एम १०० वॅटची. एम६८०० चा अडॅप्टर २४० वॅटचा, एम४८०० चा १८०. बरीच सेकंडहँड मशीनं दुसऱ्याच कुठल्यातरी लहान अडॅप्टरवर विकली जातात. डेलच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यावरून लॅपटॉप अडॅप्टर ओळखतो. ती वाकली किंवा अडॅप्टर डुप्लिकेट निघाला, तर मशीन चालू होतं, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरचा वेग खाली येतो. मग लोक म्हणतात, "नवीन कार्ड टाकूनही स्लोच." कार्डाला दोष देण्याआधी ती सुई बघा.

कुठलं कार्ड घ्यावं असं मला विचाराल तर उत्तर साधं आहे: त्या मॉडेलमध्ये कंपनीनं स्वतः जे विकलं तेच. एम४८०० ला के११००एम, के२१००एम किंवा एएमडीचं फायरप्रो एम५१००. एम६८०० ला के३१००एम ते के५१००एम. आणि शक्यतो त्याच कंपनीच्या मशीनमधून काढलेलं. कार्डाचा स्वतःचा बायोस, म्हणजे चालू होताना लागणारा आतला प्रोग्रॅम, असतो. डेलसाठी बनवलेलं कार्ड एचपीत बसतं, पण कधी स्क्रीन काळाच राहतो, कधी ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, कधी फॅनला कार्डाचं तापमानच कळत नाही. शिवाय ड्रायव्हर टाकताना इन्स्टॉलर हार्डवेअर जुळत नाही म्हणून थांबतो. मग ड्रायव्हरची आयएनएफ ही माहितीची फाइल बदला, ड्रायव्हरची सहीतपासणी बंद करा, असं मागे लागतं. हौस असेल त्यानं जरूर करावं. रोजची ऑर्डर ज्या मशीनवर निघते, त्यावर मी ते करत नाही.

पॅटर्न आणि डाय-मोल्डवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. गेमिंगचं जीफोर्स एमएक्सएम कार्ड आकड्यांत दणकट दिसतं, म्हणून काहीजण तेच घेतात. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये रिअलव्ह्यू, म्हणजे मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारी सोय, क्वाड्रो किंवा फायरप्रोसारख्या व्यावसायिक कार्डांवर चालतं, जीफोर्सवर ते बटण फिकं पडतं. आणि मोठ्या असेंब्लीचा रीबिल्ड मुख्यतः प्रोसेसरच्या एका कोअरच्या वेगावर चालतो, तिथे कार्डाचा हात फारसा लागत नाही. मॉडेल फिरवताना अडखळत असेल तर कार्ड बघा. फाइल उघडायलाच वेळ लागत असेल तर आधी एसएसडी आणि रॅम.

स्क्रीन: इथे घाई केली की धूर निघतो

या कामात माझा सगळ्यात मोठा फटका स्क्रीननंच दिलाय. सुरुवातीच्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या स्क्रीनचा पॅनल बदलत होतो. जुना ४० पिनचा, नवाही ४० पिनचा. कनेक्टर अलगद बसला, म्हणून बॅटरी लावून बटण दाबलं. दोन सेकंदांत जळका वास. जुना पॅनल एलव्हीडीएस होता आणि मी आणलेला ईडीपी. स्क्रीनला सिग्नल द्यायच्या या दोन वेगळ्या पद्धती. दोन्हींत ४० पिन असू शकतात, पण कुठल्या पिनवर बॅकलाइटचे (स्क्रीनमागच्या दिव्याचे) व्होल्ट आणि कुठल्या पिनवर सिग्नल, हे पूर्ण वेगळं. पॅनल गेला आणि मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूजही उडाला. तांदळाच्या कणीएवढा तो फ्यूज भिंगाखाली बदलला, पॅनलचे पैसे खिशातून भरले. त्या दिवसापासून पिना मोजून मी कधीच पॅनल मागवत नाही.

पॅनल काढून त्याच्या पाठीवरचा नंबर वाचायचा. उदाहरणार्थ एन१५६बीजीई-एल२१ आणि एन१५६बीजीई-ई२१. अक्षर एकच बदललंय, पण एल म्हणजे ४० पिनचा एलव्हीडीएस आणि ई म्हणजे ३० पिनचा ईडीपी. नंबर बी१५६ नं सुरू झाला तर एयू ऑप्ट्रॉनिक्स, एलपी१५६ असेल तर एलजी, एलटीएन असेल तर सॅमसंग. पूर्ण नंबर, शेवटच्या आवृत्तीच्या अक्षरासकट, फोटो काढून ठेवा. लॅपटॉपच्या मॉडेलवरून पॅनल मागवू नका. एकाच एम४८०० मध्ये फुल एचडीला एलव्हीडीएस आणि ३२०० बाय १८०० वाल्याला ईडीपी अशा दोन वेगळ्या केबली आहेत.

केबलीचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण लोक ती विसरतातच. १३६६ बाय ७६८ च्या एलव्हीडीएस पॅनलला सिग्नलचा एकच चॅनल लागतो, त्यामुळे त्या मशीनच्या केबलीत दुसऱ्या चॅनलच्या तारा बऱ्याचदा नसतातच. फुल एचडीला दोन्ही चॅनल लागतात. डब्ल्यू५३० वर साध्या स्क्रीनच्या जागी फुल एचडी लावला आणि चित्र उभ्या पट्ट्यांत फाटलं, की पॅनल खराब म्हणून परत पाठवू नका. फुल एचडीची केबल मागवा. ईडीपीतही तेच. ३० पिनच्या केबलीत साधारण दोन लेन (सिग्नलच्या वाटा) असतात, फुल एचडीला त्या पुरतात, ३२०० बाय १८०० ला चार लागतात.

एलव्हीडीएस स्क्रीनच्या मशीनमध्ये एनव्हिडियाच्या पास्कल किंवा त्यानंतरच्या पिढीचं कार्ड टाकायचा विचार असेल तर थांबा. त्या कार्डांतून एलव्हीडीएस निघतच नाही. स्क्रीनला चित्र इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समधून यावं लागतं. म्हणजे बायोसमध्ये ऑप्टिमस, म्हणजे इंटेलचं ग्राफिक्स आणि कार्ड जोडीनं चालवायची सोय, चालू हवं. ते बंद ठेवून कार्ड बसवलं तर बाहेरच्या मॉनिटरवर सगळं दिसतं आणि लॅपटॉपचा स्क्रीन काळा.

इचलकरंजीच्या डिझायनरांनी "आयपीएस" एवढ्याच शब्दावर भाळू नये. स्वस्त आयपीएस पॅनल ४५ टक्के एनटीएससीचे असतात. पॅनल किती रंग दाखवू शकतो, त्याचं हे माप. बाजूनं बघितलं तरी चित्र बदलत नाही हे खरं, पण लाल विटकरी दिसतो आणि मोरपंखी मळकट. कापडाचा रंग ठरवायचा असेल तर ७२ टक्केवाला मागा.

गरमीला कार्ड जबाबदार नसतं, धूळ असते

इचलकरंजीहून आलेल्या एका झेडबुकचा फॅन मी काढला. फॅन आणि तांब्याच्या पातळ पट्ट्यांच्या मधे सुताच्या तंतूंची वाकळच बसलेली होती, चिमट्यानं धरून अख्खी एका तुकड्यात निघाली. मागांच्या शेडमध्ये मशीन ठेवलं की हे होणारच. मालक नवीन कार्ड टाकायला आला होता, कारण दुपारी मॉडेल फिरवताना वेग पडायचा. साफसफाई केली, चिपवरची उष्णता ओढणारी पेस्ट बदलली, जुन्याच कार्डावर काम सुरू झालं.

फाउंड्रीतून आलेल्या मशीनची तऱ्हा वेगळी. तिथली काळी धूळ लोखंडाची असते, ती फॅनच्या चुंबकाला चिकटते आणि वीजही वाहून नेते. मऊ ब्रशनं आणि चिकटपट्टीनं ती काढावी लागते. कृपा करून वर्कशॉपचा कॉम्प्रेसर लॅपटॉपवर मारू नका. त्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो, पावसाळ्यात तर जास्तच, आणि लोखंडाची धूळ उडून थेट स्लॉटमध्ये जाऊन बसते.

कार्ड बदलताना हीटसिंकही, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, तपासा. लहान कार्डाचा हीटसिंक मोठ्यावर टेकला तरी मेमरीच्या चिपा उघड्या राहू शकतात. चिप आणि हीटसिंकमधला मऊ थर्मल पॅड अर्धा मिलिमीटरचा होता की एकाचा, हे जुना पॅड फेकायच्या आधी मोजा. जाड पॅड घातला तर हीटसिंक मधल्या चिपवर टेकतच नाही. मी एकदा कोरडा बसवून बघतो: चिपवर पेस्टचा बारीक ठिपका, चारही स्क्रू तिरपे-तिरपे आवळायचे, परत काढायचे. ठिपका पसरून सगळीकडे सारखा उमटला असेल तर पुढे जायचं. एका बाजूलाच डाग पडला असेल तर बैठक चुकली.

"कार्ड गेलंय, हीट मारून चालू करून देतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. हीटगननं किंवा ओव्हनमध्ये तापवलेलं कार्ड चार दिवस चालतं, कधी महिना. मग ऐन ऑर्डरीच्या रात्री बंद पडतं.

बसवलं, पण चालत नाही

काम सुरू करण्याआधी अडॅप्टर काढा, बॅटरी काढा आणि पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. माझा फ्यूज उडाला तेव्हा पॅनल तरी चुकीचा होता. बॅटरी तशीच ठेवून केबल ओढली, तर बरोबर पॅनललाही तोच झटका बसू शकतो.

स्क्रीन काळा असेल तर अंधारात टॉर्च तिरपी धरून बघा. पुसट चित्र दिसलं म्हणजे सिग्नल येतोय, बॅकलाइट येत नाही: फ्यूज, केबल किंवा पॅनल. काहीच दिसत नसेल तर बाहेरचा मॉनिटर लावा. त्यावर चित्र आलं तर कार्ड ठीक आहे, स्क्रीनच्या बाजूला शोधा. डेलमध्ये डी बटण दाबून धरून मशीन चालू केलं की पॅनल स्वतःच रंग बदलून दाखवतो. रंग नीट आले तर पॅनल ठीक, पण केबल ठीक आहे असं यावरून ठरत नाही. सहा बीप वाजल्या तर ग्राफिक्स, आठ वाजल्या तर पॅनल. बीप वाजली म्हणून घाबरू नका. कार्ड काढून सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, परत तिरपं घालून पूर्ण आत दाबा. अर्धवट बसलेलं कार्ड हे माझ्या टेबलावर नेहमी येणारं कारण आहे.

बायोस नवीन करायचा असेल तर तो जुन्या कार्डावर, सगळं चालू असतानाच. आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या या प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. लिनक्सवर जाणार असाल तर के सिरीजच्या केपलर कार्डांसाठी एनव्हिडियाची ४७० ही शेवटची ड्रायव्हर शाखा आहे. खर्च करण्याआधी हेही मनात धरा.

झाकण लावायच्या आधी अर्धा तास खरं काम करा. बेंचमार्क नको, तुमचीच मोठी फाइल उघडून फिरवत राहा आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान बघा. ऐंशीच्या आसपास स्थिरावलं तर बरं. नव्वदच्या वर चढतच राहिलं तर पेस्ट-पॅड पुन्हा. जुनं कार्ड आणि जुना पॅनल महिनाभर तरी जपून ठेवा, कारण काही अडलं तर बिघाड कुठे आहे हे त्यांच्यावरूनच कळतं.

त्या उद्यमनगरच्या पॅटर्नवाल्याच्या डब्ल्यू५३० मध्ये आम्ही एसएसडी आणि जास्तीची रॅम टाकली, पेस्ट बदलली. त्याचं के२१००एम डेलच्या मशीनमधून निघालेलं होतं. शिरोलीच्या एकाकडे के११००एमवाला एम४८०० होता, त्यानं ते घेतलं. बसवायला तो आला तेव्हा मी आधी त्याचं झाकण उघडलं, मग पिशवी फोडली.